बाळ, व्हिसा आणि ऑडिशन : परदेशी गेलेल्या नटीचं पुढे काय होतं?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बरेच काढलेत, थोडे राहिलेत.)

मी अजिंठ्यातून बोलतेय. लेण्यांतून नाही हं, गावातून. बाहेरच्या लोकांचा हा गोंधळ कायम होतो. गाव वर आहे, लेणी घाट उतरून फर्दापूरच्या बाजूला. आज रेकॉर्डिंगच्या वेळी लाइट आहे, म्हणजे पंखाही चालू आहे. मागे घरघर ऐकू आली तर सांभाळून घ्या.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमुळे ठरला. पाठवणारी संभाजीनगरची. तिथल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकलेली, राज्य नाट्य स्पर्धेत कामं केलेली. लग्न झालंय, मुलगी दोन वर्षांची आहे. नवऱ्याला अमेरिकेत नोकरी लागली आणि दोन महिन्यांत सगळ्यांना निघायचंय. चार मिनिटांची नोट आहे. मधे मधे मुलगी फोन ओढतेय ते ऐकू येतं. आणि शेवटी ती विचारते, “ताई, तिकडे गेल्यावर माझं नाटक संपलं असं समजू का?” वयाने ती माझ्यापेक्षा मोठी असावी, पण पॉडकास्टवाली म्हटली की सगळ्यांची ताईच होते.

‘स्वप्नांचा पाठलाग कर’ असं एक रील बनवून मी मोकळी झाले असते. पण मला त्या वाक्याचा राग आहे. पाठलाग करायचा म्हटलं तर कडेवरचं मूल कुणाकडे द्यायचं, हे ते वाक्य कधीच सांगत नाही. म्हणून मी ठरवलं, ज्या बायका खरंच गेल्या, आई झाल्या आणि तरी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, त्यांचं नेमकं काय झालं ते पाहू. कुठल्या वर्षी काय केलं, मधे किती वर्षं गेली, परत कुणी बोलावलं. एवढंच.

पहिलं नाव तुमच्याही डोक्यात आलं असेल. अश्विनी भावे.

‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा. म्हणजे हा भाग ऐकणाऱ्या बहुतेकांच्या जन्माआधीचा, तरी त्यातली लिंबू कलरची साडी माहीत नाही असा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही. मीम बनवणाऱ्यांची तर त्यावर रोजीरोटी चालते. ती माधुरी म्हणजे अश्विनी भावे. १९९१ मध्ये राज कपूर यांनी आखलेला आणि त्यांच्यानंतर रणधीर कपूर यांनी पूर्ण केलेला ‘हिना’ आला, त्यात त्या होत्या. १९९८ मध्ये ‘सरकारनामा’ आणि हिंदीत ‘बंधन’. करिअर जोरात चाललेलं. मग लग्न, अमेरिका, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात घर, दोन मुलं. आणि पडद्यावरून नाव जवळपास गायब.

ठळकपणे त्या परत दिसल्या ‘कदाचित’मध्ये. साल २००८. दहा वर्षं झाली होती!

ही दहा वर्षं मला महत्त्वाची वाटतात. ‘ब्रेक’ हा शब्द आपण फार हलका करून टाकलाय. चहाचा ब्रेक, इन्स्टाचा ब्रेक. नटीसाठी दहा वर्षांचा ब्रेक म्हणजे तिच्या जागी दोन पिढ्या येऊन बसलेल्या असतात. कास्टिंग करणाऱ्या पोरांनी तिचं काम लहानपणी टीव्हीवर पाहिलेलं असतं. तिच्या वयाच्या नटांना तोवर नायकाचीच कामं मिळत असतात आणि तिला विचारलं तर ‘आईचा रोल आहे, मॅडम’.

मग ‘कदाचित’ कसा झाला? वाट बघून नाही झाला. निर्मितीत त्या स्वतः उतरल्या. सॅन फ्रान्सिस्कोत असताना सिनेमाचं रीतसर शिक्षणही घेतलं होतं, घरी बसून फोन वाजायची वाट पाहिली नव्हती. आणि दिग्दर्शक कोण? चंद्रकांत कुलकर्णी. आपल्या संभाजीनगरचे. तेव्हाचं औरंगाबाद.

इथे जरा थांबते, कारण पुढे हा धागा लागणार आहे. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी ही मंडळी औरंगाबादेत ‘जिगीषा’ नावाच्या नाट्यसंस्थेतून वर आली आणि नंतर मुंबईला गेली. प्रशांत दळवींचं ‘चारचौघी’ १९९१ चं, आणि २०२२ मध्ये ते नव्या संचात पुन्हा रंगमंचावर आलं. मराठवाड्यातून मुंबईला नाटक करायला जाणं हेही एक स्थलांतरच आहे. पासपोर्ट लागत नाही, पण भाषेच्या उच्चारावरून हसणारे तिथेही भेटतात. मकरंद अनासपुरे यांनी उलट त्याच उच्चारावर आपलं करिअर उभं केलं, तो वेगळा विषय, कधीतरी त्यावर एपिसोड करू.

तर ‘कदाचित’ २००८. त्यानंतर ‘आजचा दिवस माझा’ २०१३, मुख्यमंत्री झालेले सचिन खेडेकर आणि त्यांच्या पत्नी अश्विनी भावे. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. मग २०१७ मध्ये ‘ध्यानीमनी’. तिन्ही चित्रपटांचा दिग्दर्शक एकच. चंद्रकांत कुलकर्णी. २०१७ मध्येच ‘मांजा’ आला, तो जतीन वागळे यांचा.

गणित करा. २००८ ते २०१७, नऊ वर्षं, ठळक चित्रपट चार. त्यातले तीन एकाच माणसाबरोबर. ज्याला तुमचं काम माहीत आहे, ज्याला तुम्ही सात समुद्रापार राहता हे माहीत आहे, तरीही जो स्क्रिप्ट हातात आल्यावर म्हणतो, हे तिलाच विचारू. मला वाटतं आपल्या श्रोतीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. परदेशी राहून जे करिअर होतं ते सलग होत नाही, तुकड्यातुकड्यांत होतं. आणि ते तुकडे बहुतेक वेळा निघण्याआधी जोडलेल्या माणसांकडून येतात.

‘ध्यानीमनी’बद्दल दोन मिनिटं. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्या, स्पॉयलर आहे.

ती एका आईची गोष्ट आहे. मुलाचा डबा, मुलाचा अभ्यास, मुलाचं हे, मुलाचं ते. आणि मूल नाहीच. मूल न झालेल्या बाईने मनात उभा केलेला मुलगा. मूळ नाटक प्रशांत दळवींचं, सिनेमात नवरा महेश मांजरेकर. अश्विनी भावे यांचं त्यातलं काम मी दोनदा पाहिलंय. रिकाम्या खुर्चीशी बोलताना त्या जरासुद्धा नाटकी होत नाहीत, मूल आहेच अशा बोलतात, आणि म्हणूनच अंगावर येतं. आई झाल्यावर बाईचा अभिनय ‘गंजतो’ असं म्हणणाऱ्याला हा सिनेमा दाखवावा. पंचविशीतल्या नटीला हे जमलं नसतं असं माझं मत आहे. पंचविशीतल्या नट्यांनी मला शिव्या घालायला हरकत नाही.

आता जरा अवघड बोलू. त्या अश्विनी भावे होत्या. नाव होतं, ओळख होती, येण्याजाण्याचं तिकीट परवडत होतं, घरी दुसरं उत्पन्न होतं. राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाचं प्रमाणपत्र मिळवलेल्या सिल्लोडच्या मुलीला कुणी सॅन फ्रान्सिस्कोहून बोलावणार नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. त्यामुळे ‘बघा, त्यांनी केलं, तुम्हीही करा’ असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच, की त्या दहा वर्षांत त्या शिकत राहिल्या आणि माणसं धरून राहिल्या.

दुसरा एक रस्ता अर्चना जोगळेकर यांचा. ‘निवडुंग’, ‘एका पेक्षा एक’ आठवत असतील. त्या अमेरिकेत न्यू जर्सीला गेल्या आणि तिथे कथक शिकवू लागल्या. सिनेमा मागे पडला, कला पुढे गेली. याला कुणी ‘संपलं’ म्हणेल, मी नाही म्हणणार.

बरं, व्हिसा. हा भाग कंटाळवाणा आहे पण कान देऊन ऐका, कारण श्रोतीच्या चार मिनिटांच्या नोटमध्ये हा शब्द एकदाही आला नाही. नवरा एच-१बी वर गेला की बायको सहसा एच-४ वर जाते. एच-४ वर अमेरिकेत पगारी काम करता येत नाही. ऑफिसातलं नाही, हॉटेलातलं नाही आणि जाहिरातीतलंही नाही. जाहिरातीत अर्धा मिनिट हसलात आणि त्याचे पैसे घेतले, तर तेही कामच. २०१५ पासून काही जणींना वर्क परमिट मिळू लागलं, पण नवऱ्याच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया एका ठरावीक टप्प्यापर्यंत गेली असेल तरच. म्हणजे तुमच्या ऑडिशनची तारीख नवऱ्याच्या फायलीवर अवलंबून. चांगल्या घरात, चांगल्या नवऱ्याबरोबरही हे टोचतं. मी तर म्हणेन, विमानात बसण्याआधी दोघांनी हा कागद एकत्र बसून वाचावा. ब्रिटनमध्ये नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नात्यावर मिळणाऱ्या फॅमिली व्हिसावर काम करता येतं, तिथलं चित्र वेगळं आहे.

ब्रिटनवरून जोहरा सहगल. तुम्ही त्यांना ‘चीनी कम’मधल्या खट्याळ आजी म्हणून ओळखता. पण त्यांच्या गोष्टीचा एक धागा पार आमच्या अजिंठ्यापर्यंत येतो, आणि तो सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. १९२३ मध्ये रशियन नर्तिका ॲना पावलोव्हाने लंडनमध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर एक बॅले केला. हो, आमच्याच लेण्यांवर, शंभर वर्षांपूर्वी, लंडनमध्ये! त्याच सुमारास तिच्या भारतीय विषयांवरच्या नृत्यांत एक तरुण भारतीय मुलगा तिच्याबरोबर नाचला. उदय शंकर. आणि पुढे १९३५ मध्ये उदय शंकर यांच्या नृत्यपथकात जोहरा आल्या. त्यानंतर पृथ्वी थिएटरमध्ये चौदा वर्षं.

१९५९ मध्ये त्यांचे पती गेले. पदरात दोन मुलं. १९६२ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या लंडनला गेल्या. वय पन्नास. पृथ्वीराज कपूर यांच्या बरोबरीने रंगमंचावर उभी राहिलेली ही बाई लंडनच्या ओल्ड विक नाटकगृहात काय करत होती? नटांना कपडे चढवत होती. ड्रेसर. इतरांची बटणं लावायची, इतरांचा प्रवेश विंगेतून बघायचा. टीव्हीवर छोट्या छोट्या भूमिका मिळत गेल्या. मोठं काम म्हणावं असं ‘द ज्वेल इन द क्राउन’, १९८४. वय एकाहत्तर.

बावीस वर्षं. मला ही गोष्ट प्रेरणादायी वगैरे म्हणून सांगायची नाही. मला ती ऐकून आधी रागच येतो. एवढ्या ताकदीच्या नटीला एका देशाने बावीस वर्षं विंगेत उभं केलं, कारण तिच्या रंगाच्या, तिच्या उच्चाराच्या बाईसाठी कुणी भूमिका लिहितच नव्हतं. ‘द ज्वेल इन द क्राउन’ही शेवटी इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या आठवणींवरचीच मालिका. पण बघा, त्या विंगेत होत्या. नाटकगृहाच्या बाहेर नव्हत्या. घरखर्चासाठी दुसरं कसलंही काम धरता आलं असतं, त्यांनी असं धरलं की रोज संध्याकाळी पडदा उघडताना त्या तिथेच असतील.

आता अगदी आपल्या काळातली. राधिका आपटे. पुण्याची, ‘आसक्त’ या संस्थेत नाटकं केलेली. लग्नानंतर लंडन. २०१२ च्या ‘तुकाराम’मध्ये आवली तिनेच केली, आणि त्या सिनेमाचे दिग्दर्शक पुन्हा तेच, चंद्रकांत कुलकर्णी. मी मुद्दाम शोधत नव्हते, पण या विषयात हात घातला की हा माणूस सापडतोच. राधिकाने एका मुलाखतीत हसत हसत सांगितलं होतं की लग्न केलं तर व्हिसा सोपा जातो हे कळलं तेव्हा लग्न केलं. लोकांनी त्याच्या हेडलाइन केल्या. ज्यांनी दूतावासाच्या रांगेत उभं राहून बँकेचे कागद दाखवलेत, ते त्यावर वेगळं हसले असतील.

तिचा ‘सिस्टर मिडनाइट’ २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. गंमत बघा, दिग्दर्शक करण कंधारी लंडनचा, नटी लंडनमध्ये राहणारी, पैसा ब्रिटनचा, आणि गोष्ट मुंबईतल्या एका खोलीत आलेल्या नव्या नवरीची. ऑक्टोबरमध्ये लंडनच्या महोत्सवात ती पोट घेऊन रेड कार्पेटवर आली, तेव्हा जगाला कळलं. डिसेंबरमध्ये बाळ झालं. एका आठवड्यात तिने फोटो टाकला, बाळ छातीशी, समोर लॅपटॉप, कामाची मीटिंग चालू. फेब्रुवारी २०२५ मध्ये बाफ्टाच्या सोहळ्यात हा सिनेमा नामांकनात होता. तिथून तिने आणखी एक फोटो टाकला. भारी गाऊन घालून बाथरूममध्ये ब्रेस्ट पंप लावलाय आणि दुसऱ्या हातात शॅम्पेन. सोबत आलेल्या मैत्रिणीचे आभार, कारण दूध काढायच्या वेळा तीच सांभाळत होती.

त्या फोटोखालच्या कमेंट वाचू नका, वेळ वाया जाईल. पण ‘मैत्रीण सोबत होती’ हा तपशील विसरू नका. बाफ्टा असो की अकोल्याला एकांकिका स्पर्धा, अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईला घड्याळ बघणारं दुसरं माणूस लागतं.

तिने नंतर एका चर्चेत हेही सांगितलं की गरोदर असल्याचं कळवल्यावर एका भारतीय निर्मात्याने नाराजी दाखवली आणि त्रास होत असतानाही घट्ट कपड्यांतच काम करायला लावलं. त्याच दिवसांत परदेशी चित्रपटाच्या मंडळींनी मात्र समजून घेतलं. तिने नाव घेतलं नाही. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की मराठी बोलपटाची सुरुवातच मुळात एका आईपासून झाली. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’, तारामती झालेल्या दुर्गा खोटे. दोन मुलांच्या आई होत्या त्या तेव्हा. नव्वद वर्षं उलटली तरी सेटवर आई आली की आपण अजून गडबडतो.

आमच्या लेण्यांत सतरा क्रमांकात एक चित्र आहे. उंचच उंच बुद्ध दारात उभे आहेत आणि समोर यशोधरा राहुलला पुढे करतेय. गाइड टॉर्च मारून बुद्धांचा आकार दाखवतात, माणसं माना वर करून बघतात आणि पुढे सरकतात. मी शाळेच्या सहलीपासून खालच्या त्या दोघांकडेच बघत आलेय. ज्याने रंगवलं त्याने आईला चित्राबाहेर ठेवलं नाही, त्याला ती दिसली. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या गोष्टीत मूल कुणाजवळ होतं, हे त्याने लिहून ठेवलं म्हणा ना.

तर आता आपल्या श्रोतीकडे येते. बाई गं, तुझं नाटक संपलेलं नाही, पण त्याचा आकार बदलणार आहे आणि त्यासाठी तुझ्याकडे दोनच महिने आहेत. बॅगेत लोणचं नंतर भर. आधी तू ज्यांच्याबरोबर काम केलंस त्या प्रत्येक दिग्दर्शकाला, लेखकाला प्रत्यक्ष भेट. फोन नको, भेट. मी जातेय, पण माझ्यासाठी काही असेल तर कळवा, हे तोंडाने सांग. आपल्या बायकांना हे मागायला फार जड जातं. जुन्या प्रयोगांचं जे काही रेकॉर्डिंग कुणाच्या मोबाइलमध्ये पडलं असेल ते गोळा कर, कारण तिथे गेल्यावर ‘मी चांगली नटी आहे’ हे सांगायला तुझ्याकडे पुरावा हवा. करोनानंतर सेल्फ टेप पाठवून कास्टिंग करणं सर्रास झालंय. घरच्या भिंतीसमोर, खिडकीच्या उजेडात, मोबाइलवर केलेली ऑडिशन मुंबईत कुणीतरी बघतं. मूल झोपल्यावर रात्री अकराला केलीस तरी कुणाला कळत नाही. फक्त एक कर, इंग्रजीतला एक, हिंदीतला एक आणि आपल्या मराठवाडी बोलीतला एक असे तीन उतारे कायम पाठ ठेव. तिसरा सगळ्यात महाग आहे. तो तिथे दुसऱ्या कुणाकडे नसणार.

आणि महाराष्ट्र मंडळाला नाक मुरडू नकोस. गणपतीतली नाटकं म्हणून आपण हसतो, पण बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून चालू आहे, दर दोन वर्षांनी अधिवेशन होतं, २०२४ चं सॅन होजेला झालं, आणि गावोगावची मराठी माणसं दिवसभर नोकरी करून रात्री कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये तालमी करतात. तिथे मुलांना घेऊन येणं कुणाला खटकत नाही, कारण सगळ्यांचीच मुलं तिथे सतरंजीवर झोपलेली असतात. पैसे नाहीत, म्हणून व्हिसाची कटकटही नाही. अंगातला आवाज, पाठांतर, समोर माणसं असण्याची सवय, हे टिकतं. ओल्ड विकची विंग समज.

नवऱ्याशी एक बोलणं मात्र इथेच, निघण्याआधी कर. आठवड्यातल्या कुठल्या दोन संध्याकाळी मुलगी त्याच्याकडे. वार ठरवून घे. ‘बघू तिकडे गेल्यावर’ यावर विमानात बसू नकोस.

बाकीच्यांनी हा आठवडा ‘ध्यानीमनी’ बघून घ्या, रात्री एकट्याने बघू नका एवढंच सांगते. परदेशात राहून नाटक किंवा सिनेमा करणाऱ्या मराठी आया हे ऐकत असतील तर मला व्हॉइस नोट पाठवा. तालमीला मूल कुणाकडे ठेवता, तेवढंच सांगितलं तरी चालेल. आलेल्या उत्तरांचा एक वेगळा भाग करेन आणि तो त्या श्रोतीचं विमान उडायच्या आत टाकेन. लाइट गेली वाटतं, पंखा थांबला. भेटू.